सांगता येत नाही

बोरकुटे भाऊंना चामोर्शीत कोणी सहसा “कसे आहात?” असं विचारत नसे. विचारलं की ते सायकल स्टँडवर लावत, गळ्यातला दुपट्टा सारखा करत आणि विचारणाऱ्याकडे गंभीर चेहऱ्यानं बघत.

“कसा म्हंजे? तब्येतीनं, का मनानं, का घरची परिस्थिती इचारून राह्यला?”

“असंच इचारलं जी.”

“असंच इचारलं तं उत्तर बी असंच भेटन. पयले हद्द सांग.”

“हद्द सांग” हे त्यांचं पालुपद. भाऊ भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, चालत काढली. जमिनीला जसे चार कोपरे असतात तसे शब्दालाही असतात, आणि ते दाखवल्याशिवाय त्यात पाय ठेवू नये, असं त्यांचं मत होतं. दुकानदारानं “उद्या या” म्हटलं की ते विचारत, “किती वाजेपर्यंत उद्या?” लग्नाच्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ असं छापलेलं पाहून त्यांनी एकदा मुलीच्या बापाला फोन केला होता. कुटुंबात जावई धरला का, एवढंच त्यांना हवं होतं. बापानं वैतागून दोन्ही जावयांना वेगळ्या पत्रिका पाठवल्या आणि भाऊंना त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो एका पाहणीमुळे. मी तेव्हा एम.ए. होऊन घरी बसले होते. शहरातल्या एका संस्थेला लोकांच्या श्रद्धेबद्दल माहिती गोळा करायची होती. गावोगाव जायचं, टॅबलेटवर आलेला प्रश्न वाचून दाखवायचा आणि उत्तराच्या चौकटीवर बोट ठेवायचं, असं काम होतं. दोघादोघांची जोडी करायची होती. माझ्या जोडीला भाऊ आले. निवृत्त माणूस, सगळी गावं पायाखालची, म्हणून संस्थेनं त्यांना आनंदानं घेतलं. तो आनंद प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळीच ओसरला.

निखिल सर आमचे पर्यवेक्षक. पुण्याकडचे, वयानं लहान, स्वभावानं सालस. त्यांनी पहिला प्रश्न वाचला. “तुमचा देवाधर्मावर विश्वास आहे का? उत्तरं तीन. हो, नाही, सांगता येत नाही.”

भाऊंनी हात वर केला. “सर, हे एक शेत हाये का दोन?”

“म्हणजे?”

“देव एक झाला, धर्म दुसरा. कोनाले एक पाह्यजे असन अन् दुसरा नसन, तं त्यानं कुठी उभं राह्याचं?”

सर हसले. “भाऊ, लोकांना बरोबर कळतं.”

“लोकाइले कळते जी. त्याइले काय कळलं, हे तुमाले कसं कळन?”

सर पाणी प्यायले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

शेतांतलं धान निघून गेलं होतं, थंडी सुरू झाली होती. आम्ही रोज सकाळच्या बसनं निघायचो. पहिल्या आठवड्यातच मला समजलं की भाऊंचा हट्ट निव्वळ हट्ट नव्हता. एका गावात पारावर बसलेल्या आबाजींना मी विचारलं, “तुम्ही नियमित प्रार्थना करता का?” आबाजींच्या कपाळावर बुक्का, गळ्यात माळ. ते थोडे शरमले.

“प्रार्थना चौथीतच सुटली, बाई. मंग शाळेतच नाई गेलो.”

मी ‘नाही’वर बोट नेलं. भाऊंनी माझ्या हाताखाली स्वतःचा हात धरला, चौकटीला बोट लागू दिलं नाही, आणि आबाजींना म्हणाले, “सकाळी आंघोळ झाल्यावर काय करता?”

“देवाचं नाव घेतो. घटकाभर. पयलेपासून.”

“हे प्रार्थनेत धरू?”

“आता ते तुमी धरा नाई तं सोडा,” आबाजी म्हणाले. “मी तं करतो.”

रामटेके बाईंच्या घरी याच्या उलट झालं. बाई सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. त्यांनी देवाधर्माचा प्रश्न पुरता ऐकून घेतला आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

“देव नाही. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली सोडले. धम्म आहे, तो रोजचा आहे. तुम्ही दोघांना एकाच खुर्चीवर बसवलंत. मी कोणाला उठवू?”

भाऊंचा चेहरा असा खुलला की जणू जुन्या खात्यातलं माणूस भेटलं. त्यांनी पिशवीतून एक लांब वही काढली आणि बाईंचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. वहीत त्यांचं मोजणीदाराचं अक्षर होतं, बारीक आणि उभं. टॅबलेटवर मात्र त्यांनी ‘सांगता येत नाही’ दाबलं.

“बाईंना तर सांगता आलं, भाऊ,” मी बाहेर आल्यावर म्हटलं.

“त्याइले आलं. मले भरता येत नाई,” ते म्हणाले.

मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली गावात तळ्याकाठी एक म्हातारा जाळं विणत बसला होता. मी हिंदीत विचारलं तरी त्यातला एकच शब्द त्याच्या कानाला ओळखीचा लागला.

“बिश्वास? तालाब के उस पार, तीसरा घर.”

मी समजावायला लागले. भाऊ मात्र तोवर तळ्याला वळसा घालून चालू लागले होते. बिश्वासबाबू भले गृहस्थ निघाले. त्यांनी बसवून घेतलं, मुरमुरे दिले, चहा दिला. परतताना भाऊ अगदी शांतपणे म्हणाले, “विश्वास तं भेटला. आता देव राह्यला.” त्या दोन महिन्यांत ते मुद्दाम विनोद करताना मी तेवढे एकदाच पाहिले.

इथवर सगळं मजेचं होतं. मग यशोदाबाईंचं गाव आलं.

ते गाव जंगलाला अगदी लागून होतं. यशोदाबाई अंगणात सुपानं धान पाखडत होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. घरात त्या आणि म्हातारी सासू. भाऊ शेजारच्या घरी होते, म्हणून प्रश्न मी विचारले.

“बाई, तुमचा देवाधर्मावर विश्वास आहे का?”

“नाई.”

सूप थांबलं नाही. मी ‘नाही’ दाबलं. खरं सांगायचं तर एवढं सुटसुटीत उत्तर आल्यानं मला बरंच वाटलं. पुढचा प्रश्न होता, तुम्ही देव मानता का.

“मानत नाई आता.”

पुन्हा ‘नाही’. भाऊ त्याच वेळी फाटकातून आत येत होते. त्यांनी शेवटचं उत्तर ऐकलं. “आता म्हंजे?” ते म्हणाले. यशोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि धान पाखडत राहिल्या. तेवढ्यात सासूनं आतून हाक मारली, त्या उठून गेल्या, आणि आम्हीही निघालो.

 बसची वाट पाहताना भाऊ म्हणाले, “त्या बाईनं तीन शब्द सांगतले. आपन दोनच घेऊन चाललो. ‘आता’ तिथीच राह्यलं.”

“फॉर्म गेला, भाऊ. नेट होतं, लगेच गेला.”

“फॉर्म गेला. बाई तं तिथीच हाये ना?”

दोन दिवसांनी आमची वाट दुसरीकडे असताना ते मला पुन्हा त्या गावी घेऊन गेले. मी चिडले होते. दिवसाला ठरलेले फॉर्म भरले नाहीत तर निखिल सरांचा फोन येई, आणि हे काम टिकावं अशी माझी गरज होती. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती, आणि रोज सकाळी बस धरून बाहेर पडायला माझ्यापाशी तेवढं एकच कारण होतं.

यशोदाबाई ओळखीचं हसल्या नाहीत, पण बसायला पोतं टाकलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. भाऊंनी टॅबलेट बाहेर काढायला मला मना केलं. ते जमिनीवर मांडी घालून बसले.

“बाई, परवा तुमी ‘आता मानत नाई’ म्हनलं. आधी मानत होत्या?”

“होती ना.”

“कोनाले?”

त्यांनी हातानं शिवेकडे दाखवलं. जंगलाच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. मोह वेचायला, पानं तोडायला जाताना माणसं वाघोबाला तिथं नारळ ठेवतात. त्यानं वाट द्यावी म्हणून.

“माह्या मालकानं बी ठेवलं होतं,” यशोदाबाई म्हणाल्या. “दोन उन्हाळे झाले. मीच देल्लं नारळ हातात. पाहटेचे गेले अन् दुपारी लोकं सांगत आले.”

  मला वाटलं आता उठावं. भाऊंनी मात्र अगदी हळू विचारलं, “घरचे देव?”

“ते हायेत आपल्या जागेवर. दिवा लावते ना मी रोज.”

“आमी लिवलं, तुमी म्हन्ता देव नाईच हाये.”

यशोदाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. त्यांनी आधी भाऊंकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“असं काऊन लिवलं, बाई? नाई हाये असं कोन म्हनलं तुले? हाये म्हून तं पाहत नाई मी त्याच्याकडं. तिकडून जात नाई, लांबून जाते. नसता तं कोनावर राग धरला असता मी?”

 भाऊंनी वही काढली, बाईंचे शब्द लिहिले आणि एकेक करून वाचून दाखवले. “बरोबर?” त्यांनी विचारलं. “‘लांबून जाते’ बी लिवलं का?” यशोदाबाई म्हणाल्या. लिहिलं होतं. “मंग बरोबर हाये.”

दुसऱ्याच दिवशी निखिल सर चामोर्शीला आले. बस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही तिघं बसलो. सरांनी भाऊंचे आकडे पाहिले होते. जवळपास सगळ्या घरांत ‘सांगता येत नाही’.

“भाऊ, असं कसं होईल? एका तालुक्यातल्या सगळ्या माणसांना आपण काय मानतो तेच सांगता येत नाही?”

भाऊंनी वही पुढे केली. सरांनी ती चाळली. वाचता वाचता त्यांचा चहा घेण्याचा वेग कमी झाला. यशोदाबाईंच्या पानावर ते बराच वेळ होते.

“हे सगळं खरं आहे,” ते अखेर म्हणाले. “पण माझी अडचण समजून घ्या. हाच प्रश्न, हेच शब्द, सगळीकडे विचारले आहेत. इथे मी शब्द बदलले तर इथलं तिथल्याशी ताडून कसं पाहणार?”

हा मुद्दा भाऊंना पटला. तसं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. “सगळ्या गावाले एकच साखळी लावता, ते बरोबर हाये. आमी बी तेच करत होतो. पन साखळी ढिली पडून झोल राह्यला तं सगळ्याच गावाची मोजनी चुकते, सर. अन् कागदावर ते लय साफ दिसते.”

“मग मी काय करू?”

“ते मले सांगता येत नाई.”

या वेळी कोणी हसलं नाही. सर म्हणाले, या फॉर्मांवर हो किंवा नाही करून द्या, तर पुढे जाता येईल. भाऊ म्हणाले, दुसऱ्याच्या जमिनीत मी हद्दीचा दगड रोवत नाई. सरांनी मान खाली घातली आणि उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. त्यांना ते सांगताना त्रास झाला, हे मी पाहिलं. भाऊंनी दुपट्ट्यानं टॅबलेटची काच पुसून परत दिली. निघण्याआधी सरांनी विचारलं, “वहीचे फोटो घेऊ का?” भाऊंनी वही टेबलावर उघडून धरली आणि सर एकेक पान उलटत फोटो काढत राहिले. मी सरांना यशोदाबाईंचा फॉर्म बदलता येईल का, असं विचारलं. येत नव्हता. संस्थेच्या लेखी त्या बाई आजही देव न मानणाऱ्यांत आहेत.

मी काम सोडलं नाही. भाऊंच्या बाजूनं उठून जावं असं मनात आलं होतं, पण उठले नाही. नव्या जोडीदारणीबरोबर मला सिरोंच्याला पाठवलं. तिथे तेलुगू बोलणारी घरं जास्त, म्हणून मराठी आणि तेलुगू असा नवीन फॉर्म आला होता. मी पहिल्या घरी टॅबलेट उघडला आणि वाचतच राहिले. देवाधर्माचा प्रश्न तुटला होता. देवाचा वेगळा, धर्माचा वेगळा. खाली एक रिकामी जागा होती. तिथे लिहिलं होतं, उत्तर त्यांच्या शब्दांत लिहा.

वहीमुळे हे झालं की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. निखिल सरांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, “वरून बदल आलाय.” पण ही बातमी भाऊंना दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं मला वाटलं. परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्यांचं घर शोधत गेले. इतके दिवस बरोबर फिरलो, पण घरी कोण कोण असतं हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

दार त्यांच्या बहिणीनं उघडलं. विधवा, भाऊंहून मोठ्या. ओसरीत उन्हाच्या कडेला बाजेवर एक बाई उशांना टेकून होत्या. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. चेहऱ्याची एक बाजू किंचित खाली आलेली. या भाऊंच्या पत्नी, शकुंतलाकाकू.

भाऊ मागे विहिरीवर होते. बहिणीनं मला हळू आवाजात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी लकवा आला. वाचा गेली. सगळ्या बोलण्यातून एकटा ‘हो’ तेवढा तोंडात राहिला. हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो.

“एक दिवस भावानं इचारलं, दुखते का, उठून बसाचं का? ते हो म्हनली. यानं उचलून बसवलं. खांदा दुखत होता तिचा, बसाचं नवतं. अर्धा दिवस तशीच बसून होती. डोळ्यातून पानी आलं तवा समजलं. त्या दिवशी जेवला नाई हा.” त्यांनी विहिरीकडे पाहिलं. “पयले लोकाइची मस्करी करत होता, हद्द सांग, हद्द सांग. आता मस्करी नाई राह्यली.”

भाऊ दुपट्ट्याला हात पुसत आले. मला पाहून त्यांना बरं वाटलं असावं. मी गडबडले होते. काहीतरी बोलायचं म्हणून काकूंकडे वळून म्हटलं, “काकू, बऱ्या आहात ना? ऊन लागतंय का, आत घ्यायचं का?”

“हो,” काकू म्हणाल्या.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

“पोरी, आता हे कशाचं हो हाये?”

 ते बाजेच्या कडेला बसले आणि त्यांनी काकूंच्या डाव्या तळव्याखाली आपला हात ठेवला. खरं असलं की त्या हात दाबतात, हे मला नंतर कळलं.

“ऊन लागते?”

“हो.” हात हलला नाही.

 त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “आत जाचं?”

“हो.” हात तसाच.

“हे कोन पोरगी हाये, ते सांगू?”

“हो,” काकू म्हणाल्या, आणि त्यांची बोटं मिटली.

मग त्यांनी सांगितलं. एका वेळी एक वाक्य, आणि ते पोचलं की पुढचं. ही सुषमा. माझ्यासंग गावोगाव फिरत होती. रामटेके बाईंचं त्यांनी आधी सांगितलेलं असावं, कारण तिथं काकू नुसत्या ऐकत राहिल्या. बिश्वासबाबूंच्या घराजवळ आल्यावर त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. यशोदाबाईंचं नाव भाऊंनी घेतलं नाही.

“तू काऊन आली, ते सांग आता,” ते मला म्हणाले.

मी सांगितलं. नवा फॉर्म, तुटलेला प्रश्न, खालची रिकामी जागा.  भाऊ काकूंकडे वळले.

“त्याइनं प्रश्न तोडला. एकाचे दोन केले. समजलं?”

“हो.”

काकूंची बोटं पुन्हा मिटली आणि या वेळी सुटली नाहीत. बहिणीनं चहा आणून ठेवला. भाऊंनी तो डाव्या हातानं घेतला आणि उजवा होता तिथेच राहू दिला.